ओल भिंतीची, खापर भाडेकरूवर

नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतसारख्या गावात भाड्याची खोली सोडताना अनामत रकमेचा हिशेब होतो, तेव्हा वजावटीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा निघतात: भिंतीचे पोपडे पडले, मोरीच्या दाराची चौकट कुजली, कपाटामागे बुरशी धरली. तिन्हींचे कारण एकच सांगितले जाते, ते म्हणजे घर नीट वापरले नाही. असे म्हणणारे सगळे घरमालक लबाड असतात असे मी मानत नाही. त्यांच्यातल्या अनेकांना ते मनापासून पटलेले असते आणि त्यांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. घर दिले तेव्हा रंग ताजा होता, लाकूड धड होते. दोन वर्षांनी भिंत ओली आणि चौकट पोकळ. मधल्या काळात घरात राहत कोण होते? भाडेकरू. म्हणजे ओल त्याचीच. मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो. ओलीचा वाद सोडवताना घरात कोण राहत होते हा प्रश्न नंतरचा आहे. पाणी कुठून आले हा पहिला. पाण्याची ती वाट बंद करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, दुरुस्तीची जबाबदारी त्याचीच असली पाहिजे. भाडेकरूला भिंत फोडता येत नाही, गच्चीवर कोबा टाकता येत नाही, जोते उचलता येत नाही. जे करण्याचा त्याला अधिकारच नाही, त्याचा भुर्दंड त्याच्याकडून वसूल करणे अन्याय आहे.

आधी पावसाची गोष्ट निकालात काढू, कारण ‘पावसाळ्यात ओल यायचीच’ हे वाक्य दोन्ही बाजू सहज स्वीकारतात. ते इगतपुरीत म्हटले तर समजू शकते. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पिंपळगाव त्याच जिल्ह्यात, त्याच मुंबई-आग्रा महामार्गावर असले तरी ते घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत आहे. पिंपळगाव ज्यात येते त्या निफाड तालुक्याचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. वर्षातले आठ महिने इथली हवा कोरडी असते आणि ऊन कडक. अशा गावात भिंत मार्च महिन्यातही ओली राहत असेल तर ती पावसाने ओली राहिलेली नाही. तिला कुठून तरी रोज पाणी मिळते आहे. ते कुठून, हे शोधायला फार मोठे शास्त्र लागत नाही. भिंत स्वतःच सांगते. जमिनीपासून वर चढलेली आणि साधारण मीटरभर उंचीच्या आत थांबलेली ओल, तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा आणि त्याखाली सुटलेला गिलावा, म्हणजे पाणी जोत्यातून वर येते आहे. बांधताना जोत्यावर ओल अडवणारा डीपीसीचा थर घातलाच नाही किंवा नंतर अंगण आणि रस्ता भर घालून इतका उंच केला की तो थर मातीत गाडला गेला. पिंपळगावातली काळी माती पाणी धरून ठेवते, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावरच्या उथळ पायाला आणि गटाराच्या नळीला तडे जाणे नवीन नाही. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारा डाग गच्चीचा कोबा किंवा पन्हळ फुटल्याचा असतो. मोरीच्या पाठच्या भिंतीवर कमरेपर्यंतची ओल बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपच्या भोवती पाणी मुरत असल्याची किंवा भिंतीत गाडलेल्या नळाच्या पाझराची असते. या चारही कारणांपैकी एकही भाडेकरूने निर्माण केलेले नाही आणि एकही त्याला परस्पर दुरुस्त करता येण्याजोगे नाही.

लाकडाच्या बाबतीत तर गैरसमज अधिक पक्का आहे. ‘तुम्ही अंघोळीचे पाणी उडवता, म्हणून चौकट कुजली’ हे वाक्य इतके सर्वमान्य झाले आहे की भाडेकरूही मान खाली घालून ते ऐकून घेतो. पण लाकूड पाणी लागल्याने कुजत नाही. ते ओले राहिल्याने कुजते. लाकूड कुजवणारी बुरशी वाढण्यासाठी त्यातला ओलावा कोरड्या वजनाच्या सुमारे वीस टक्क्यांच्या वर टिकून राहावा लागतो. सकाळी उडालेले पाणी दुपारपर्यंत सुकणाऱ्या चौकटीत ही बुरशी तग धरत नाही. मोरीच्या दाराची चौकट जवळून पाहिली तर कुजण्याची जागा ठरलेली दिसते: वरचा सगळा भाग ठणठणीत, आणि फरशीपासून टीचभर उंचीपर्यंतचा तुकडा काळपट, मऊ. पेचकसाचे टोक दाबले तर ते सहज आत जाते आणि बाहेर काढताना ओलसर भुसा सांडतो. कारण असे की चौकट उभी करताना तिची टोके फरशीखाली सिमेंटमध्ये गाडली जातात. लाकूड आडव्या अंगाने जेवढे पाणी पिते त्याच्या कितीतरी पट ते कापलेल्या टोकाकडून ओढते, आणि फरशीखालचे ते टोक कधी सुकतच नाही. गाडण्याआधी त्याला डांबर फासले नसेल, सागाऐवजी कच्चे, न मुरवलेले स्वस्त लाकूड वापरले असेल तर काही वर्षांत निकाल लागतो. वाळवीही त्याच वाटेने येते, कारण तिलाही जमिनीशी आणि ओलीशी संपर्क लागतो; तिची मातीची बारीक नळी चौकटीमागून वर गेलेली दिसते. हे सगळे सुताराला ठाऊक आहे. म्हणूनच तो आता मोरीला ग्रॅनाइटची चौकट आणि फायबरचे दार बसवायला सांगतो. तो सल्ला मालकाने मानला नाही, तर त्या लाकडाचे आयुष्य बांधकामाच्या दिवशीच ठरलेले असते. मध्ये राहून गेलेले कुटुंब फक्त साक्षीदार असते.

गावठाणातल्या जुन्या घरांची कथा वेगळी आणि जास्त गंभीर आहे. माती-विटांच्या जाड भिंती, सागवानी तुळया, कडीपाट आणि वर माळवद किंवा पत्रे, अशी ही घरे बांधली गेली तेव्हा भिंतींना मातीचा किंवा चुन्याचा गिलावा होता. तो ओल ओढून घेई आणि हवेत सोडून देई. पुढे भाड्याला देण्याजोगी ‘पक्की’ करण्यासाठी त्याच भिंतींवर सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट आला. जमिनीतून येणारे पाणी थांबले नाही, फक्त त्याची बाहेर पडण्याची वाट बंद झाली. मग ते आणखी वर चढले आणि भिंतीत घुसवलेल्या तुळयांच्या टोकांपर्यंत पोहोचले. तुळई खोलीत दिसते तेवढी मजबूत असते. ती कुजते ती भिंतीच्या आत, जिथे कुणी पाहत नाही. जुन्या नाशिकात आणि पंचवटीत पावसाळ्यात वाड्यांच्या भिंती कोसळल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. महापालिका दरवर्षी धोकादायक वाड्यांना नोटिसा देते आणि पुष्कळ ठिकाणी मालक-भाडेकरू वादात दुरुस्ती अडून राहते. पिंपळगावात आता नगरपरिषद आहे. नोटीस तीही देऊ शकते. पण नोटीस निघते तोवर लाकूड केव्हाच कुजलेले असते.

आता घरमालकांचा सर्वांत दमदार आक्षेप. सगळी ओल भिंतीतून येत नाही; काही ओल खरोखरच राहण्यातून निर्माण होते. हे खरे आहे आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निफाड तालुक्याची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात. अशा रात्री बंद खोलीत पाच माणसे झोपली, पहाटे तिथेच पाणी तापले, कपडे आतच वाळत घातले, तर वाफ गार भिंतीवर आणि पत्र्यावर जमून थेंब धरणारच. कपाटामागे, कोपऱ्यात, हवा न फिरणाऱ्या जागी काळे ठिपके येतात, ते याच ओलीचे. ही ओल वेगळी ओळखता येते. संशयित जागी जाड प्लॅस्टिकचा किंवा अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचा हातभर तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून दिवसभर ठेवावा. थेंब खोलीकडच्या बाजूने जमले तर ओल हवेतली. भिंतीकडच्या बाजूने जमले तर भिंतीतली. वादाच्या आधी हा प्रयोग केला तर निम्मी भांडणे होणारच नाहीत. पण हवेतली ओल निघाली तरी भाडेकरू दोषी ठरला असे नाही. खिडकी किती मोठी, ती समोरच्या भिंतीवर उघडते की मोकळ्या हवेत, मोरीला झरोका आहे की नाही, पत्र्याखाली छत आहे की नाही, हे ठरवले कुणी? झरोकाच नसलेल्या मोरीत अंघोळ करणाऱ्याला वाफेबद्दल दोष देता येत नाही. खिडकी असून ती कायम बंद ठेवली, तिच्यावर खोकी रचली, तर तेवढ्यापुरती चूक भाडेकरूची, आणि ती मी मान्य करतो.

या परिसराला हवा खेळती ठेवण्याचे महत्त्व कुणी शिकवायला नको. इथला शेतकरी कांदाचाळ बांधतो तेव्हा तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचलतो, खालून वारा जाईल अशा फटी ठेवतो, बाजू पट्ट्यांच्या करतो, छपराची वळचण बाहेर काढतो जेणेकरून पावसाची झड आत येऊ नये. ओल लागली की कांदा सडतो, आणि सडला की तो दोष कुणी कांद्याला देत नाही. चाळ कशी बांधली ते पाहिले जाते. माणसांना राहायला दिलेल्या खोलीसाठी हाच नियम लावावा, एवढेच माझे मागणे आहे. बाजार समितीत टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या हंगामात राबणारे मजूर, हमाल, ओझरच्या कारखान्यात जाणारे कामगार, महाविद्यालयात शिकणारी मुले या खोल्यांत राहतात. त्यांची छाती त्या मालापेक्षा कमी नाजूक नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. ओलसर घरे आणि खोकला, दमा, श्वसनाचे विकार यांचा संबंध त्यात स्पष्ट नोंदला आहे.

‘राहण्याची पद्धत’ हा आरोप किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण इंग्लंडमधल्या रॉचडेलचे आहे. तिथे अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर २०२० मध्ये दगावला. त्याच्या वडिलांनी घरातल्या बुरशीची तक्रार २०१७ पासून केली होती. वरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले. सुदानहून आलेले हे कुटुंब बादलीने अंघोळ करते, म्हणून घर ओले होते, असा समज घर देणाऱ्या संस्थेने करून घेतला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला: मृत्यू घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे झाला आणि त्या घरात हवा खेळण्याची सोय अपुरी होती. त्याआधीच, २०२१ मध्ये, तिथल्या गृहनिर्माण लोकपालांनी ओलीवरचा अहवाल काढला होता आणि त्याच्या शीर्षकातच ओल ही राहण्याच्या पद्धतीची बाब नाही असे म्हटले होते. त्या मुलाच्या नावाने पुढे कायदा झाला. ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सामाजिक गृहसंस्थांना ओलीच्या गंभीर तक्रारीची तपासणी दहा कामकाजी दिवसांत करावी लागते आणि जिवावरचा धोका असेल तर चोवीस तासांत हालचाल करावी लागते. बादलीने अंघोळ करणे हा त्या देशात संशयाचा विषय ठरला. आपल्याकडे ती घराघरांतली रीत आहे, तरीही मोरीच्या चौकटीचा दोष आपण अंघोळीलाच देतो.

पुढचा आक्षेप कराराचा. ‘दुरुस्ती भाडेकरूने करायची, असे कागदावर लिहिले आहे, सही त्यानेच केली.’ इथे कायदा नीट वाचला पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. पंधरा दिवसांहून कमी नाही अशी नोटीस देऊनही त्याने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. पावत्यांसह ठेवलेला हिशेब खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. पण त्याच कलमात, भाडेकरूने करारात वेगळे कबूल केले नसेल तर, अशी अट आहे. शिवाय हा अधिनियम परिशिष्टांत नोंदलेल्या गावा-शहरांपुरता लागतो. जिथे तो नाही तिथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम असतो, आणि त्याच्या कलम १०८ मध्येही मालकाने करायची दुरुस्ती भाडेकरूने करून खर्च वळता करण्याची तरतूद आहे, पुन्हा करारात वेगळे ठरले नसेल तरच. तिसरी पळवाट सर्वांत रुंद आहे. अकरा महिन्यांच्या ‘लीव्ह अँड लायसन्स’वर राहणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत भाडेकरूच नसतो, म्हणून कलम १४ चे संरक्षण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे मालकांचा आक्षेप कागदावर पुष्कळसा टिकतो, हे मी नाकारत नाही. मी एवढेच विचारतो की तो कागद कोणत्या परिस्थितीत सही होतो? जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी खोली हवी असलेले कुटुंब छापील मसुद्यातली अट बदलून मागू शकत नाही. आणि ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे’ या अटीत नळाचा वायसर, दाराची कडी, फुटलेली काच बसते. गच्चीचा कोबा, जोत्याची ओल आणि चौकट बदलणे तिच्यात कोंबणे हा अर्थाचा विपर्यास आहे. केंद्र सरकारचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हीच वाटणी करतो: बांधकामाची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, दारे-खिडक्यांचा रंग, नळांची जोडणी मालकाकडे, वायसर, कड्या, काचा भाडेकरूकडे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पण न्याय्य वाटणी कोणती, हे त्यातून कळते.

त्याहून महत्त्वाचे कलम क्वचितच कुणी उघडते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या त्याच कलम १०८ मध्ये मालकावर असे बंधन आहे की वापरावर परिणाम करणारा, त्याला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या पाहणीत न दिसणारा दोष त्याने आधी सांगितला पाहिजे. लायसन्सवर राहणाऱ्यालाही असेच संरक्षण आहे: १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५७ सांगते की राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा ठाऊक असलेला दोष परवाना देणाऱ्याने उघड केला पाहिजे. आता उन्हाळ्यात खोली रिकामी झाली, लोणा खरवडला, पुट्टी भरली, डिस्टेंपरचा हात मारला, कुजलेल्या चौकटीच्या खालच्या भागात पुट्टी दाबून तपकिरी रंग दिला आणि जूनमध्ये ती नव्या कुटुंबाला दाखवली, तर याला घर तयार करणे म्हणायचे की दोष झाकणे? मालकाच्या मूळ युक्तिवादाचा पाया हाच ताजा रंग आहे. ‘दिले तेव्हा भिंत कोरडी होती’ याचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो. प्रत्यक्षात तो काहीही सिद्ध करत नाही. एप्रिल-मेमध्ये मारलेला रंग एका पावसाळ्यापर्यंत टिकतो, एवढेच त्यातून दिसते.

‘भाडे किती, दुरुस्ती किती’ हा आक्षेप दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो. जुन्या पागडीच्या घरांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली; दशकानुदशके त्या भाड्यात कौलसुद्धा बदलता येत नव्हते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. १९९९ च्या अधिनियमाने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. तिथल्या मालकांचे दुःख खरे आहे. पण बाजारभावाने अकरा महिन्यांसाठी दिलेल्या खोलीला तो आधार लागत नाही. तिथे दरवर्षी भाडे वाढते, अनामत घेतली जाते, आणि दुरुस्तीची वेळ आली की १९४० चे भाडे आठवते. दोन खोल्यांच्या भाड्यावर गुजराण करणारी निवृत्त माणसे, एकट्या आज्या असतात, हे मला मान्य आहे, आणि त्यांच्यासाठीच मी म्हणतो की खर्च वेळेवर करा. समजा महिन्याचे भाडे चार हजार. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार. कायद्याची वजावटीची मर्यादा बारा हजार. पन्हळ बसवणे, ट्रॅपभोवतीची फरशी काढून नीट बसवणे, एक चौकट बदलणे ही कामे अशा हिशेबात हप्त्याने उरकता येतात. तुळई कुजली की मग कोणताच हिशेब पुरत नाही, आणि तेव्हा आजीबाईंचे घरच जाते.

शेवटचा आक्षेप सर्वांत थोडक्यात मांडला जातो: ‘पटत नसेल तर सोडून जा.’ सोडून जाणे फुकट नसते; नवी अनामत, दलालाचे एक भाडे, टेम्पो, मुलांची शाळा, गॅसचा आणि रेशनचा पत्ता. त्याहून मोठा दोष असा की माणूस गेल्याने भिंत वाळत नाही. तीच भिंत पुढच्या कुटुंबाच्या वाट्याला येते, आणि दोन वर्षांनी तोच दोष त्यांच्या नावावर मांडला जातो.

भाडेकरूने आपली बाजूही सांभाळली पाहिजे. ओल दिसली त्याच आठवड्यात लेखी कळवावे, तारखेसह फोटो पाठवावेत, व्हॉट्सअॅपवर का होईना. गप्प राहून वर्षभराने तक्रार केली तर मालकाला उशिरामुळे दोष वाढला असे म्हणण्याची संधी मिळते. १९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकते. तसा केला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी करायचीच आहे तर त्याच करारात घराच्या अवस्थेची एक पुरवणी जोडावी, रंग मारण्याआधीच्या फोटोंसह: कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल होती, गच्ची शेवटची केव्हा दुरुस्त झाली, मोरीची चौकट कशाची आहे आणि तिच्या खालच्या भागात पेचकस किती शिरतो. तिच्याखाली दोघांच्या सह्या असाव्यात. ज्या मालकाची भिंत खरोखर कोरडी आहे, त्याला ही पुरवणी जोडायला अडचण नाही. दोन वर्षांनी हिशेबाला बसताना तिचा उपयोग त्यालाही होईल.